शहराबाहेरची उपनगरं शहराला देतात तरी काय?

दूरची_खिडकी

नमस्कार मंडळी. एक प्रश्न आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडते.

सहा वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या मध्यभागातलं बिऱ्हाड हलवून पार टोकाच्या उपनगरात राहायला आलो. शेवटून दुसरं स्टेशन. आमच्या मार्गावर आणखी दोन रूळ टाकायचे की नाहीत, यावर पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. परवा घरातले सगळे जमलो होतो, तेव्हा विषय निघाला आणि माझा चुलतभाऊ म्हणाला, "तुमच्यासाठी एवढा खर्च का करायचा? नोकरी आमच्या शहरात, कॉलेज आमच्या शहरात, मोठं हॉस्पिटल आमच्या शहरात. तिकडे तुम्ही फक्त झोपायला जाता. शहराला तुम्ही देता काय?"

तो वाईट माणूस नाही. त्याला मनापासून तसं वाटतं. मला लागलं ते हे की माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग आला, पण रागाने काही सिद्ध होत नाही.

सुनावणीत मला तीन मिनिटं मिळणार आहेत. "आमचे हाल होतात" हे बाकीचे सांगतीलच, आणि ते खरंही आहे. मला दुसरं काहीतरी मांडायचंय. या बाहेरच्या पट्ट्याची शहराला खरोखर गरज असते का? असेल तर कशासाठी? उत्तर माझ्या विरोधात गेलं तरी चालेल, पण प्रामाणिक द्या.

अर्थाचा_विद्यार्थी

तुमच्या भावाने शहराची हद्द नकाशावरच्या रेषेने ठरवली आहे. अर्थशास्त्रात ती तशी ठरत नाही. रोज कामाला येणारी माणसं जिथून निघतात, तिथपर्यंत शहर पसरलेलं असतं.

मोठ्या शहराची खरी ताकद माणसांच्या निवडीत आहे. कंपनीला हव्या त्या कसबाचा माणूस तासाभराच्या अंतरात सापडतो, आणि माणसाची एक नोकरी सुटली तर घर न हलवता दुसरी मिळते. बाहेरचा पट्टा पुसून टाका. मधल्या इमारती जागच्या जागी राहतील, पण निवडायला माणसं उरणार नाहीत, आणि जी उरतील ती एकेका खोलीसाठी एकमेकांवर तुटून पडतील.

शहरांच्या अर्थकारणाचा अभ्यासक विल्यम अलोन्सो याने १९६४ मध्ये हे नीट मांडलं: मध्यापासून जसजसं लांब जावं तसतशी जागा स्वस्त होते आणि प्रवास महाग, आणि प्रत्येक कुटुंब या दोन्हींचा मेळ घालून आपली जागा ठरवतं. त्यातून निघणारी एक गोष्ट लोक विसरतात. मध्यभागातल्या जमिनीला भाव येतो तो चहूबाजूंनी तिथे पोचता येतं म्हणून. तुमच्या भावाच्या घराची किंमत काही अंशी तुमच्या गाडीने ठरवलेली आहे.

वेळापत्रकवाला

ताई, मी सव्वीस वर्षं उपनगरी रेल्वेची वेळापत्रकं आखली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तुमच्या भावाचा प्रश्न मी नोकरीत असताना वरच्या लोकांच्या तोंडूनही ऐकलाय, त्यामुळे उत्तर बरीच वर्षं पोटात साठलेलं आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वेळापत्रक आखायचा एक तक्ता असतो. वरच्या कडेला वेळ, डावीकडे एकाखाली एक स्टेशनं, सगळ्यात वर शहराचं, सगळ्यात खाली टोकाचं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. नवीन मुलगा हाताखाली आला की मी तो तक्ता त्याच्यासमोर पसरायचो आणि म्हणायचो, "पहाटेच्या रेघा कुठून निघतात ते बघ." जवळजवळ सगळ्या खालून, टोकाकडून वर चढतात. का? तर रात्री गाड्या तिथे उभ्या असतात. बारा डब्यांच्या एका गाडीला अडीचशे मीटर सरळ रूळ लागतो. असे वीस रूळ, धुण्याची सोय, गाडीखाली उतरून चाकं तपासायचा खड्डा, कर्मचाऱ्यांना पाठ टेकायला खोल्या. एवढी जागा मध्यभागात काढायची म्हटलं तर आख्खी पेठ उठवावी लागेल. शहराची उद्याची सकाळ रात्रभर उपनगरात उभी असते. ही उपमा म्हणून सांगत नाही, यार्डात जाऊन डोळ्यांनी बघता येते.

पण गाड्यांचं राहू द्या, माणसांचं सांगतो.

वर्षातून दोनदा आम्ही प्रवासी मोजायला स्वतः प्लॅटफॉर्मवर उभे राहायचो. हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीचं यंत्र, खिशाला पेन्सिल. पहिली गाडी चार वाजून दहाची. आठच्या गाडीतली माणसं एकसारखी दिसतात, त्यांच्या चेहऱ्यावरून कोण काय करतं ते कळत नाही. चार दहाच्या गाडीत मात्र एकेकाचं काम हातातल्या सामानावरून ओळखू यायचं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची हत्यारांची पेटी. रखवालदाराचा इस्त्रीचा गणवेश, हँगरसकट हातात धरलेला, चुरगळू नये म्हणून. हॉस्पिटलच्या सफाईवाल्या बायका घोळक्याने यायच्या आणि एकमेकींसाठी जागा धरायच्या.

त्यातल्या एक बाई मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. तिसऱ्या डब्यात चढायच्या. त्यांच्याकडे किल्ल्यांचा जुडगा असायचा, नारळाएवढा. तो रुमालात घट्ट गुंडाळून, वर रबर लावून पिशवीच्या तळाशी ठेवायच्या. एकदा मी विचारलं, एवढा बंदोबस्त कशाला? म्हणाल्या, "वाजतो हो तो. डब्यात माणसं झोपलेली असतात." चौदा मजल्यांची कचेऱ्यांची इमारत त्या रोज पावणेसहाला उघडायच्या. मुख्य दार, जिन्यांची दारं, पंपाची खोली, वीजमीटरांची खोली. आठनंतर येणाऱ्या शेकडो लोकांना ती इमारत आपोआप उघडते असंच वाटत असणार.

एका पावसाळ्यात टोकाच्या तीन स्टेशनांमधली रुळांखालची खडी वाहून गेली. पहाटे चारपासून साडेअकरापर्यंत तिकडून एकही गाडी सुटली नाही. मध्यभागात पाऊस फारसा नव्हता. तिथले रस्ते मोकळे, तिथल्या गाड्या वेळेवर. तुमच्या भावाच्या हिशेबाने शहराचं काही अडायला नको होतं. प्रत्यक्षात त्या चौदा मजली इमारतीची माणसं साडेनऊपर्यंत पायऱ्यांवर उभी होती, कारण किल्ल्या आमच्या टोकाच्या स्टेशनवर अडकलेल्या गाडीत होत्या. एका मोठ्या हॉस्पिटलात सकाळच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. डॉक्टर हजर होते, भूल देणारेही हजर होते. हत्यारं निर्जंतुक करून टेबलावर मांडणारी पाळी आली नव्हती. हे मला पुढे तिथल्याच एका माणसाने सांगितलं.

त्या दिवसाचा अहवाल मी लिहिला. छापील नमुन्यात रकाने होते: रद्द गाड्या, उशिराच्या गाड्या, अडकलेले प्रवासी, त्यांचे वाया गेलेले तास. सगळे रकाने उपनगराच्या नावावर. शहराचं काय थांबलं, यासाठी रकानाच नव्हता. मी खाली कोऱ्या जागेत चार ओळी लिहिल्या, किल्ल्यांबद्दल आणि शस्त्रक्रियांबद्दल. टाइप होऊन परत आलेल्या प्रतीत त्या ओळी नव्हत्या. त्या चार ओळी गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचा भाऊ चुकतोय तो याच जागी चुकतोय, आणि दोष त्याचा एकट्याचा नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही ती कुणाला दिसत नाही.

आता "झोपायला जाता" याबद्दल. लोक हौसेने लांब गेले असं समजू नका. लंडनमध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनसाठी कामगारांची दाट वस्ती पाडायची होती. १८६४ च्या कायद्याने रेल्वेला परवानगी मिळाली ती अटीवर: एडमंटन आणि वॉल्थमस्टोकडून कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या गाड्या चालवायच्या. पुढे १८८३ मध्ये स्वस्त गाड्यांचा कायदाच झाला आणि सगळ्या रेल्वे कंपन्यांना तशा गाड्या सोडणं भाग पडलं. घर मध्यभागातून उठवलं, पण माणूस सकाळी परत हवाच होता. म्हणून त्याला आणायची सोय कायद्यात लिहावी लागली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेमंडळाला जे कळत होतं, ते आज पुन्हा समजावून सांगावं लागतंय.

दुसरी गोष्ट जागेची. शहराला ज्या कामांना ऐसपैस जागा लागते ती सगळी बाहेर जातात. पॅरिसच्या ऐन मध्यात ले आल हा शतकानुशतकांचा घाऊक बाजार होता. १९६९ मध्ये तो शहराबाहेर दक्षिणेला रुंजीस इथे हलवला. मध्यात ट्रक वळायलाही जागा उरली नव्हती. पॅरिसच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा नदीच्या खालच्या अंगाला आशेरजवळच्या केंद्रात शुद्ध होतो. आणि दफनभूमी! पॅरिसने १८८६ मध्ये पांतां आणि बान्यू इथे आपल्या दफनभूम्या उघडल्या, दोन्ही हद्दीबाहेर. सॅन फ्रान्सिस्कोने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात दफन करणं बंद केलं आणि नंतर जुन्या थडग्यांमधले अवशेषसुद्धा काढून दक्षिणेच्या कोल्मा गावात नेले. आज कोल्मात राहणारी माणसं दोन हजारांच्या आत आहेत आणि पुरलेली दहा लाखांच्या वर. ज्या गावाने शहराची मेलेली माणसं सांभाळली, त्याला "तू शहराला काय देतोस" असं कुणी विचारू नये.

माझ्या धंद्यातली एक खंतही सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. सकाळी गाडी शहराकडे खच्चून भरून जाते आणि उलटी येताना रिकामी येते. तीच वीज, तोच चालक, तेच डबे. रिकामी रेघ काढताना माझा हात जड व्हायचा. याच्यावर जपानमध्ये कोबायाशी इचिझो यांनी तोडगा काढला. त्यांनी ओसाकातल्या उमेदाहून ताकाराझुकाकडे जाणारी रेल्वे १९१० मध्ये सुरू केली. शेतांमधून जाणारी लाइन, प्रवासी कुठून मिळणार? त्यांनी रुळांच्या कडेने घरं बांधून हप्त्यांवर विकली, बाहेरच्या टोकाला करमणुकीची ठिकाणं काढली, १९१४ पासून तिथे मुलींच्या संगीत-नाट्याचे खेळ लावले, आणि शहराच्या टोकाला, स्टेशनातच, १९२९ मध्ये मोठं दुकान उघडलं. दोन्ही दिशांनी गाड्या भरू लागल्या. उपनगराकडे जायलाही काहीतरी कारण असलं की तेच रूळ जवळजवळ दुप्पट काम देतात. सुनावणीत हे जरूर मांडा. नुसते दोन रूळ मागू नका. टोकाला एखादं महाविद्यालय किंवा मोठं हॉस्पिटलही मागा.

नळजोडणी

मी काकांचा आदर राखून थोडं विरुद्ध बोलणार आहे. पाणीपुरवठ्यात काम करते.

उपनगरांची गरज असते हे मान्य. पण कुठल्या उपनगरांची? स्टेशनच्या भोवती दाट वसलेलं उपनगर आणि हमरस्त्याच्या कडेने मैलोन्‌मैल विखुरलेली घरं, या दोन गोष्टी एका नावाखाली घालू नका. दाट वस्तीत एका मुख्य वाहिनीवर शेकडो घरं जोडता येतात. विखुरलेल्या वस्तीत तेवढ्याच लांबीत मोजकी घरं, मग दाब राखायला मध्ये पंप, आणि पाणी वाहिनीत जास्त वेळ पडून राहतं म्हणून क्लोरीनचा जोर कमी होतो, तो पुन्हा द्यावा लागतो. वाहिनी पहिल्यांदा टाकायला पैसे कुठून तरी येतात. चाळीस-पन्नास वर्षांनी ती बदलायची वेळ येते तेव्हा कुणी वाली नसतो. मी असे नकाशे टेबलावर रोज बघते.

शिवाय उपनगर म्हणजे नेहमी गरिबाला मिळालेली जागा, असंही नाही. अमेरिकेत लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं. सतरा हजारांहून जास्त घरं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीच्या कर्जावर. आणि करारात अट अशी की गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचं नाही. तशी अट न्यायालयाकडून अमलात आणता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं, तरी काळ्या कुटुंबांना दार बंदच राहिलं. अशा उपनगराने शहराकडून कर भरणारी माणसं नेली आणि शाळा, दवाखाने, जुनी वस्ती यांचा भार शहरावर सोडला. तुमच्या भावाची तक्रार तिथे खरी ठरते.

ताई, तुम्ही प्रामाणिक उत्तर मागितलंत म्हणून लिहिलं.

रात्रपाळी_संपली

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. शेवटचं स्टेशन. मोठं काही लिहिता येणार नाही, आत्ताच घरी आलेय.

२०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमच्या हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांना आणायला बस सुरू केली. थांब्यांचा कागद दाराला चिकटवला होता. एकोणीस थांबे. सगळे बाहेरच्या उपनगरांतले. मधल्या भागातला एकही नाही, कारण तिथे आमच्यापैकी कुणी राहतच नव्हतं.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. सुनावणीत दाखवायचा असेल तर हॉस्पिटलचं नाव झाकून फोटो पाठवते.

आणि "झोपायला जाता" म्हणणाऱ्याला एवढंच सांगा: रात्रपाळीच्या माणसाने दिवसा नीट झोपणं ही रुग्णाची गरज आहे. मध्यभागात मला परवडत होती ती खोली जिन्याखालची होती, दिवसभर डोक्यावरून पावलं वाजायची. इथे मला खिडकी आहे आणि दुपारी शांतता आहे. सलाइनमधल्या औषधाचा वेग लावताना माझा हात चुकत नाही, तो त्या झोपेमुळे.

वेळापत्रकवाला

सिस्टर, तुमचा तो कागद माझ्या सगळ्या लिहिण्यापेक्षा भारी आहे. सांभाळून ठेवा.

नळजोडणीताई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते आधी मीच लिहायला हवं होतं. विखुरलेल्या वस्तीला गाडी पुरवताच येत नाही. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत किती घरं आहेत, यावर आमची लाइन जगते किंवा मरते. कोपनहेगनने १९४७ मध्ये हेच ठरवून केलं. पंजासारखा आराखडा: मधलं शहर म्हणजे तळहात, रेल्वेमार्गांच्या कडेने पाच बोटं, वस्ती बोटांवर, आणि बोटांच्या बेचक्यांत शेती आणि मोकळी जमीन राखायची. बोटावर राहणाऱ्याला मागच्या दाराने हिरवळ आणि पुढच्या दाराने स्टेशन. स्टॉकहोमने १९५४ मध्ये व्हेलिंगब्यू हे उपनगर उभारताना तीन गोष्टी एकत्र मागितल्या: काम, घर आणि बाजार-करमणुकीचं केंद्र. सगळी कामं तिथे आली नाहीत, पुष्कळ लोक शहराकडे जातच राहिले. पण मेट्रोभोवती वसलेलं असल्यामुळे ते मेट्रोने जाऊ शकले.

भार टाकण्याबद्दल मात्र मला थोडं पुढे जायचंय. माणूस एका हद्दीत कमावतो आणि दुसऱ्या हद्दीत राहतो. बहुतेक ठिकाणी कचेरीच्या इमारतीचा मालमत्ता कर शहराला मिळतो. त्याच कचेरीत काम करणाऱ्याच्या मुलाची शाळा, घरासमोरचं गटार, रस्त्यावरचे दिवे हे उपनगराच्या माथ्यावर. लेव्हिटटाउनमध्ये उलटं झालं असेल, तर तिथेही दोष हद्दीचाच. जो जिंकेल तो रेषेच्या आड लपतो. बर्लिनमध्ये श्रीमंत उपनगरं आपला कर आपल्यापाशी ठेवायची आणि शेजारच्या कामगारवस्त्यांची तिजोरी रिकामी असायची. शेवटी १ ऑक्टोबर १९२० रोजी सात शहरं, ५९ गावं आणि २७ जमीनदारी इलाखे एकत्र करून बृहद् बर्लिन झालं. क्षेत्रफळ ६६ चौरस किलोमीटरवरून ८७८ वर गेलं, लोकसंख्या दुप्पट होऊन ३८ लाखांवर.

हद्द न पुसताही काम होतं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या पट्ट्यात १९७१ च्या कायद्याने असं ठरलं की व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेत त्या वर्षापासून जी वाढ होईल, तिच्यातला ४० टक्के करपाया (म्हणजे ज्या मूल्यावर कर आकारतात ते) सात काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सामायिक खात्यात जमा व्हायचा आणि तिथून गरजेप्रमाणे सगळ्या गावांना वाटला जायचा. नवी कचेरी कुठल्याही गावात उघडो, शेजारच्याला तिच्यातून काही ना काही मिळतं. ही व्यवस्था अजून चालू आहे. शहर आणि उपनगर हे एकाच चुलीवरचे दोन भाऊ आहेत, हे त्या कायद्याने कागदावर आणलं.

आणि हेही विसरू नका की जिथे उपनगराला तोडून ठेवलं तिथे काय झालं. पॅरिसच्या कडेने ३५ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला, आणि आत-बाहेर असा भेद सिमेंटमध्ये उभा राहिला. क्लिशी-सू-ब्वा हे उपनगर शहरापासून फार लांब नाही, पण २००५ मध्ये तिथे ना रेल्वे स्टेशन होतं, ना मेट्रो. मध्यभागात पोचायला बस, मग गाडी, असं करत तास-दीड तास लागायचा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांपासून लपलेली दोन मुलं तिथल्या विजेच्या केंद्रात मेली आणि देशभर तीन आठवडे जाळपोळ झाली. त्या उद्रेकाची कारणं अनेक होती, नुसती गाडी नव्हे, हे मला कळतं. पण तिथे ट्राम पोचली ती २०१९ मध्ये. आता पॅरिसभोवती २०० किलोमीटर नवे मेट्रोमार्ग आणि ६८ स्टेशनं बांधायचं काम चालू आहे, आणि त्यातले बहुतेक मार्ग उपनगराला उपनगराशी जोडणारे आहेत. मी तिथे असतो तर पहिल्या दिवशीच्या पहिल्या गाडीत बसलो असतो.

दूरची_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोनदा वाचून काढलं. सिस्टर, फोटो नक्की पाठवा. नळजोडणी, तुमचा मुद्दा मी स्वतःच आधी मांडणार आहे: आमच्या स्टेशनभोवतीची वस्ती दाट आहे, म्हणून इथे रूळ मागतोय, पलीकडे हमरस्त्यावर तुटक घरांची नवी परवानगी देऊ नका, असंही म्हणेन.

काका, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, शहराचं काय थांबतं याला रकाना नाही. तो रकाना मी भरू शकते का? माझ्याकडे ना यंत्र, ना कुठला अधिकार.

वेळापत्रकवाला

भरता येईल ताई. यंत्र लागत नाही.

सुट्टी लागून नसेल असा मधलाच एखादा वार निवडा, मंगळवार किंवा बुधवार. पावसाचा किंवा परीक्षांचा दिवस नको. पहिल्या गाडीआधी दहा मिनिटं पोचा आणि जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहा, दारात नको, तिथे लोकांची अडचण होते. चढणारी माणसं वहीत पाच-पाचच्या काड्यांनी मोजा. एकटीने जमणार नाही, मोजायला एक आणि विचारायला एक अशा दोघी हव्यात. प्रश्न एकच ठेवा: "आज तुम्ही पोचला नाहीत तर सकाळी तिथे काय बंद राहील?" नाव विचारू नका, कंपनी विचारू नका. घाईत असेल त्याला सोडून द्या. आणि उत्तर जसंच्या तसं लिहा, तुमच्या शब्दांत बसवू नका. सुनावणीतली माणसं आकडे ऐकून माना डोलावतात आणि विसरतात. तुम्ही त्यांना ती वाक्यं वाचून दाखवा.

दूरची_खिडकी

काका, आज जाऊन आले. बुधवार. शेजारच्या वहिनी मोजायला होत्या, मी विचारायला. पहिल्या तीन गाड्यांना मिळून ४१२ माणसं चढली. ५७ जणांना विचारता आलं, ४९ जणांनी उत्तर दिलं.

काही उत्तरं जशी मिळाली तशी लिहिते. "शाळेची बस निघणार नाही, माझ्यामागे चाळीस पोरं उभी असतात." "डायलिसिसची पहिली पाळी." "मी नाही गेलो तर काही नाही बंद राहत, पण रात्रीचा माणूस घरी जाऊ शकत नाही." "एका आजींना उठवून बसवायला कुणी नसेल." हे शेवटचं सांगणारी मुलगी विशीची असेल. तिने "एका आजींना" म्हटलं आणि मग थांबून त्या आजी कशा तिची वाट बघत दाराकडे तोंड करून झोपतात, तेही सांगितलं.

तीन मिनिटांत हे सगळं बसणार नाही. बारा वाक्यं निवडली आहेत. वहिनी घड्याळ लावून बसल्या होत्या, दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले.

एक वाक्य मात्र यादीत कुठे घालावं ते कळत नाहीये. तिसऱ्या गाडीला एक काका अगदी शेवटी, धावत आले. मी विचारायला नको होतं, पण तोंडातून प्रश्न निघून गेला. पायरीवर उभे राहून म्हणाले, "पाणी. सहाला व्हॉल्व्ह मी उघडतो." कुठल्या भागाचं ते विचारेपर्यंत गाडी हलली होती.